पट्टा नको, लिफ्ट द्या: एका बांधकाम साईटवरच्या कंबरदुखीचं प्रकरण

(साईट, माणसं आणि कंपन्या यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात बारा-बारा मजल्यांच्या दोन इमारतींचं काम चालू होतं. 'अ' इमारतीचे स्लॅब पूर्ण होऊन ब्लॉकच्या भिंती आणि प्लास्टर सुरू झालं होतं. 'ब' अजून आठव्या मजल्यावर होती. साईटवर दोनशेच्या आसपास माणसं. सेंट्रिंगवाले आणि फिटर बाहेरच्या राज्यांतले, तर गवंडी आणि बिगारी बहुतेक नांदेड, लातूर, बीदरकडचे. त्यांतली बरीच जोडपी होती, नवरा ब्लॉक वाहणारा आणि बायको घमेलं उचलणारी.

त्या वेळी लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याप्रमाणे पाचशे किंवा जास्त कामगार असतील तरच सुरक्षा अधिकारी नेमणं सक्तीचं होतं. इथं ते काम एका ज्युनियर इंजिनियरच्या गळ्यात होतं, आणि त्याच्या लेखी सुरक्षा म्हणजे हेल्मेट, उंचीवरचा बेल्ट आणि विजेच्या वायरी. कुणाची कंबर धरली तर ती त्याच्या रजिस्टरमध्ये यायचीच नाही. मुकादमाच्या हजेरी वहीत त्या दिवशी खाडा पडायचा, एवढंच.

भिंतींना ६०० × २०० × २०० मिलिमीटरचे हलके ब्लॉक होते. हलके म्हणजे काँक्रीटच्या भरीव ब्लॉकपेक्षा हलके. कोरडा असताना एक ब्लॉक साडेचौदा किलोच्या जवळपास भरतो. 'अ' इमारतीची टॉवर क्रेन स्लॅब संपताच काढून परत पाठवली होती, कारण तिचं भाडं महिन्याच्या हिशेबात मोठं दिसत होतं. उरली एक मटेरियल होईस्ट, जिला साईटवर सगळे लिफ्टच म्हणतात.

काय घडलं

ऑगस्टच्या मध्यात सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका बिगाऱ्याच्या कमरेत उसण भरली. त्याला आपण शंकर म्हणू. जमिनीवरच्या थप्पीतला ब्लॉक उचलून वळताना कमरेत कळ आली आणि तो तिथंच खाली बसला. मजुरांच्या कँपातल्या एका पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेतला, मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर. गोळीनं दुखणं दबलं. तीन दिवसांनी कळ डाव्या पायातून पोटरीपर्यंत उतरली आणि पायाचा अंगठा वर उचलेना. तेव्हा कुठं त्याला दवाखान्यात नेलं. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेल्याचं दिसलं.

त्याच्या आगेमागे आणखी दोघं खाली बसले होते, एक त्याच टोळीतला बिगारी आणि एक पन्नाशीचा गवंडी. ते दोघंही हिशेब करून गावी गेले. तिघं एकाच ठेकेदाराचे, आणि भिंतींचं काम मागं पडायला लागलं, म्हणून बिल्डरच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं मला पाहणीसाठी बोलावलं. कळवळा आणि वेळापत्रक यांत कशाचं पारडं जड होतं ते मी विचारलं नाही. साईटवर शिरायला मिळालं की पुरे.

पाहणीत काय दिसलं

पहिली गोष्ट, कायदा कुठंही मोडला नव्हता. त्या वेळी लागू असलेल्या केंद्राच्या १९९८ च्या नियमांत एकट्यानं उचलायच्या किंवा वाहायच्या ओझ्याची मर्यादा प्रौढ पुरुषाला ५५ किलो आणि स्त्रीला ३० किलो अशी दिली होती. सिमेंटची गोणी ५० किलोची, ब्लॉक त्याच्या एक तृतीयांशही नाही. पण हे आकडे एका वेळच्या वजनाचे आहेत. दिवसात किती वेळा, किती खालून आणि अंगापासून किती लांब धरून, याबद्दल हे आकडे काहीच सांगत नाहीत.

म्हणून एका ब्लॉकच्या मागं जायचं ठरवलं. ट्रकमधून जमिनीवर, जमिनीवरून ढकलगाडीत, ढकलगाडीतून लिफ्टच्या पाळण्यात, पाळण्यातून मजल्यावर, मजल्यावरच्या ढिगातून गवंड्याच्या पायाशी, तिथून भिंतीवर. सहा वेळा हात लागतो, आणि यांतल्या बहुतेक वेळी ब्लॉक गुडघ्याच्या खाली असतो. टोळीनं दिवसाला चारशे ब्लॉक हलवले, तर एका हाताळणीचेच पावणेसहा टन होतात.

दुसरी गोष्ट पावसाची. थप्पी उघड्यावर होती. हा ब्लॉक पाणी पितो. गोडाऊनमधला वजनकाटा मागवून थप्पीच्या वरचा एक भिजलेला ब्लॉक ठेवला, तो १९ किलोच्या वर गेला. आतला कोरडा १४ आणि थोडा. इंजिनियरनं काटा बिघडलाय का म्हणून स्वतः त्यावर उभं राहून पाहिलं. काटा बरोबर होता.

अमेरिकेतल्या नियॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संशोधन संस्थेचं ओझं उचलण्याचं एक सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं. अगदी अनुकूल स्थितीत २३ किलो धरायचे आणि मग ओझं अंगापासून किती लांब, किती खालून, किती वर न्यायचं, किती वळायचं, मिनिटाला किती वेळा, पकड कशी, यांसाठी ते कमी करत जायचं. आपल्या ढिगाची मापं घातली: हात अंगापासून ४० सेंटीमीटर पुढं, ब्लॉक जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर, ९० सेंटीमीटर वर उचलायचा, ४५ अंश वळायचं, मिनिटाला चार, सलग दोन तासांपर्यंत, मूठ बसेल अशी पकड नाही. उत्तर येतं पावणेसहा किलोच्या आसपास. प्रत्यक्षात उचलत होते साडेचौदा, आणि भिजला तर एकोणीस.

आता त्याच सूत्रात ब्लॉक कमरेच्या उंचीवर ठेवा, ३० सेंटीमीटरवर धरा, वळणं काढून टाका, उचलायची उंची ५० सेंटीमीटरवर आणा. मर्यादा सव्वाअकरा किलोवर जाते, म्हणजे जवळपास दुप्पट. ब्लॉक तोच, माणूस तोच. या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी गणित हेच ठरलं, कारण ते मॅनेजरला कागदावर दाखवता आलं.

तिसरी गोष्ट कुठल्याच सूत्रात नव्हती. सकाळी लिफ्ट प्लास्टरवाल्यांकडं असायची. ओला माल थांबत नाही, म्हणून त्यांना पहिला मान. ब्लॉकच्या टोळीला लिफ्ट मिळेपर्यंत दहा-अकरा वाजत. ही टोळी उक्त्यावर होती, जेवढे ब्लॉक चढतील तेवढे पैसे. थांबलं की खिशातून जातं. मग चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतचे ब्लॉक जिन्यानं, एका खांद्यावर दोन. शंकरची उसणही अशाच एका सकाळी भरली होती. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगतात आणि उठल्यावरच्या पहिल्या तासाभरात वाकल्यास त्यांच्यावर ताण जास्त येतो, हे वैद्यकात माहीत असलेलं आहे. जड माल खालून उचलायला इथं नेमकी तीच वेळ सापडली होती.

याच्या उलट चित्र गेटवर दिसायचं. सिमेंटचा ट्रक उतरवायला हमालांची वेगळी टोळी येई. गोणी ५० किलोची, पण जमिनीवर बसलेली गोणी त्यांच्यातला कुणीही एकटा उचलत नव्हता. ट्रकच्या फाळक्यावरून, पाठीच्या उंचीवरूनच ती पाठीवर यायची. खाली पडलीच तर दोघं मिळून चढवणार. त्यांच्या म्होरक्याला विचारलं तर म्हणाला, "एकट्यानं उचलली तर पोरं हसतात." या धंद्यात ज्यांचं शरीर हेच भांडवल आहे, त्यांनी ते जपायची रीत केव्हाच बसवली आहे. ब्लॉकच्या टोळीत पोरं नवी, दर उक्ता आणि सांगणारा कुणी नव्हता.

बायकांकडून सुरुवातीला एकही तक्रार आली नव्हती. मॅनेजरनं ते चांगलं लक्षण मानलं. संध्याकाळी कँपात एक महिला फिजिओथेरपिस्ट जाऊन बसली तेव्हा कळलं की घमेलं उचलणाऱ्या बहुतेक जणींची पाठ-कंबर दुखते, आणि काम संपल्यावर कँपातलं पिण्याचं पाणी दूरच्या टाकीवरून कळशांनी त्याच भरतात. "कामाचं सोडा, पाणी जवळ आणा," असं एकीनं सरळ सांगितलं. दिवसभराचं ओझं मोजताना हा भाग कुणाच्याच वहीत नव्हता.

समोरचे पर्याय

मॅनेजरच्या मनात कंबरपट्टे होते. त्यानं भावही काढला होता. पट्टा दिसतो, फोटोत येतो, वाटल्याची पोच घेता येते. पण दुखापत न झालेल्या माणसाला पट्ट्यानं संरक्षण मिळतं असा भरवशाचा पुरावा नाही. नियॉशनंच १९९४ मध्ये अशा वापराची शिफारस करता येत नाही असं म्हटलं होतं. उलट पट्टा बांधला की माणूस जास्त उचलायला धजावण्याची भीती.

दुसरा पर्याय प्रशिक्षणाचा: गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. हे आपल्याकडं प्रत्येक सेफ्टीच्या पोस्टरवर असतं. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात निव्वळ उचलण्याच्या प्रशिक्षणानं कंबरदुखी टळते असं आढळलं नाही. कारण साईटवर उभं राहिलं की दिसतं. मिनिटाला चार ब्लॉक उचलणारा माणूस प्रत्येक वेळी उकिडवा बसून उठला तर तासाभरात त्याचे गुडघे जातील. शिवाय ६०० मिलिमीटर लांबीचा ब्लॉक दोन्ही गुडघ्यांच्या मधून वर येतही नाही.

तिसरा पर्याय ठेकेदाराचा: कामावर घेतानाच कमरेचा एक्स-रे काढू, खराब कंबरवाले बाहेर. हा मी तिथंच थांबवला. पुढं कुणाची कंबर जाणार हे एक्स-रेवरून सांगता येत नाही. चांगली माणसं नाकारली जातील आणि दुखणं लपवायची सवय मात्र पक्की होईल.

उरलं ते माल कसा येतो, कुठं उतरतो आणि थांबण्याचे पैसे कोण देतो, हे बदलणं. इथं प्रत्येक गोष्टीला किंमत होती, आणि ती वेगवेगळ्या खिशांतून जाणार होती.

बैठक

मॅनेजर, ठेकेदार, ब्लॉकच्या टोळीचा मुकादम, ज्युनियर इंजिनियर आणि मी असे बसलो. मॅनेजरनं पट्ट्याचा नमुना टेबलावर ठेवला. मुकादमानं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. "साहेब, ह्यानं घामोळं येतं. पट्टा नको, लिफ्ट द्या. सकाळी दोन तास द्या फक्त."

यावर ठेकेदाराचं म्हणणं, लिफ्ट ब्लॉकला दिली तर प्लास्टरवाले बसून राहतील आणि तेही माझीच माणसं. हे खोटं नव्हतं. इंजिनियरनं मार्ग सुचवला: ब्लॉक आदल्या दिवशी दुपारनंतर चढवायचे, म्हणजे सकाळी मजल्यावर माल तयार. त्यासाठी दुपारी साडेतीननंतरची लिफ्ट ब्लॉकसाठी राखायची आणि तरी कधी थांबावं लागलं तर त्या वेळेची हजेरी द्यायची. दुपारच्या लिफ्टला सगळे हो म्हणाले. थांबण्याच्या हजेरीवर पाऊण तास गेला. शेवटी अर्ध्या तासाच्या पुढं थांबावं लागलं तर बिल्डर देईल, यावर मिटलं, तेही फक्त 'अ' इमारतीपुरतं.

दुसरा मोठा निर्णय 'ब' इमारतीचा. तिथली क्रेन अजून उभी होती. ब्लॉक पॅलेटवर (लाकडी फळ्यांच्या चौकटीवर) बांधूनच मागवायचे, हायड्रानं (चाकांवरच्या फिरत्या क्रेननं) ट्रकमधून उतरवायचे, क्रेननं प्रत्येक मजल्याच्या बाहेर काढलेल्या लोडिंग प्लॅटफॉर्मवर ठेवायचे आणि आत पॅलेट ट्रकनं (पॅलेट ओढायच्या हातगाडीनं) ओढत न्यायचे. हाताळणी सहावरून एक-दोनवर येते. यात दोन अडचणी होत्या आणि दोन्ही गंभीर. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलोच्या चल-भारासाठी (माणसं-सामानाच्या वजनासाठी) धरतात, आणि भरलेलं पॅलेट टनाच्या घरात जातं. स्ट्रक्चरल कन्सल्टंटनं अट घातली: अर्ध्या उंचीचीच पॅलेट, खांब-बीमच्या जवळ, एकमेकांपासून अंतर ठेवून, आणि खालच्या मजल्यावर प्रॉप (टेकू) ठेवून. दुसरी अडचण प्लॅटफॉर्मच्या मोकळ्या कडेची. कंबर वाचवायला जाऊन माणूस सातव्या मजल्यावरून पडला तर काय मिळवलं? म्हणून कठडे, खाली-वर होणारं गेट आणि तिथं उभ्या राहणाऱ्या दोघांना हार्नेस यांशिवाय प्लॅटफॉर्म वापरायचा नाही, असं लेखी ठरलं.

काय केलं

स्वस्त गोष्टी आठवड्यात झाल्या. थप्पीवर ताडपत्री आली आणि थप्पी रिकाम्या पॅलेटवर रचली जाऊ लागली. मजल्यावर गवंड्याच्या बाजूला ब्लॉक जमिनीवर टाकण्याऐवजी दोन रिकाम्या पॅलेटच्या ओट्यावर ठेवायचे ठरलं. हा ओटा पहिले दोन दिवस कुणी वापरला नाही. मग एका म्हाताऱ्या गवंड्यानं, ज्याला सगळे मामा म्हणत, तो आपल्या हातानं रचला आणि बिगाऱ्याला बजावलं, "खाली टाकलास तर परत तूच उचलायचा." पुढं ओटा आपोआप होऊ लागला. माझ्या भाषणापेक्षा मामांचं एक वाक्य जास्त चाललं.

मसाल्यासाठी घमेलं काठोकाठ भरायचं नाही, आणि ते जमिनीवरून डोक्यावर चढवताना दोघींनी मिळून चढवायचं. मिश्रणाचा पत्रा जमिनीवरून उचलून दोन फुटी घोडीवर ठेवला. कँपातलं पाणी पाइप टाकून दारापर्यंत आणलं. या कामाला प्लंबरचा एक दिवस लागला, आणि बायकांच्या दृष्टीनं सगळ्या यादीतलं तेच खरं काम.

मुकादमांना एक छोटी यादी पाठ करायला दिली. उसण भरली तर त्या दिवशी उचलायचं काम बंद, पण अंथरुणाला खिळायचं नाही, हिंडतं-फिरतं राहायचं, हलकं काम द्यायचं. कळ गुडघ्याच्या खाली उतरली, पाय लुळा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत बधिरपणा आला, तर तासाचाही उशीर न करता मोठं हॉस्पिटल. पायाळू माणसाकडं जाऊ नका असं मी म्हटलं नाही. तिथं जाऊन आल्यावरही दुसऱ्या दिवशी ब्लॉक उचलायचा नाही, एवढंच म्हटलं.

परिणाम

'ब' इमारतीत ब्लॉकचं काम पॅलेटवर गेलं, आणि पुढच्या काही महिन्यांत त्या टोळीतला कुणी कमरेमुळं गावी गेला नाही. भिंतींचा वेग वाढला, त्यामुळं मॅनेजर खूश. मी मात्र हा आकडा जपून वापरतो. टोळी लहान, काळ थोडा, आणि दुखणारा माणूस न बोलता हिशेब करून दुसऱ्या साईटवर जातो, तो कुठल्याच वहीत दिसत नाही.

'अ' मध्ये निकाल अर्धामुर्धा. दुपारची लिफ्ट टिकली. थांबण्याची हजेरी दोन-तीनदा दिली गेली, मग वाद होऊ लागले आणि टोळी पुन्हा अधूनमधून जिन्यानं चढू लागली, खांद्यावर दोनऐवजी एक ब्लॉक घेऊन. सळईवाल्या फिटरांना या सगळ्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. २५ मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई ४६ किलोची असते, आणि स्लॅबवर तार बांधताना ते दिवसभर घडी घातल्यासारखे वाकलेले असतात. लांब दांड्याची बांधणी यंत्रं असतात, पण इथं त्याला हात लागला नाही.

शंकरची नस शस्त्रक्रियेशिवाय मोकळी झाली. पायातली कळ दोन-अडीच महिन्यांत गेली, अंगठा बराचसा वर येऊ लागला. पण वाहण्याचं काम त्याला पुन्हा जमणार नव्हतं. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी झालेली नव्हती. नोंदणीला आधीच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दिवस त्याचे कधीच भरले होते, दाखला कुणी दिला नव्हता. ठेकेदारानं एमआरआयचा खर्च उचल म्हणून दिला, म्हणजे तो पुढं पगारातून कापायचा. यावर बराच खल झाल्यावर बिल्डरनं तो खर्च आपल्या अंगावर घेतला आणि शंकरला 'ब' च्या लोडिंग प्लॅटफॉर्मवर इशारे देणाऱ्याचं काम मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

'अ' ची क्रेन काढण्याचा निर्णय घेताना कागदावर फक्त भाडं होतं. ती आणखी काही आठवडे ठेवून सगळ्या मजल्यांवर ब्लॉक चढवून घेतले असते, तर पुढचे चार महिने लिफ्टवरून भांडण झालं नसतं. क्रेन कधी काढायची हे ठरवायच्या बैठकीला ब्लॉकचा ठेकेदार नव्हता, कारण त्याचं काम तोवर सुरू झालं नव्हतं. कमरेचा प्रश्न खरं तर त्या दिवशी ठरला.

पॅलेटची अट खरेदीच्या ऑर्डरमध्ये सुरुवातीपासून असती, तर पुरवठादारानं नंतर लावलेला जादा दर घासाघीस करून कमी करता आला असता. नोंदणीचं काम कामावर घेतानाच, पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवं. आणि बायकांना पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, एक बाई लागते, जी संध्याकाळी कँपात बसू शकेल.

त्याच बिल्डरच्या पुढच्या प्रकल्पाच्या निविदेत दोन ओळी आल्या: ब्लॉक पॅलेटवर बांधून द्यावेत, आणि ब्लॉक चढेपर्यंत क्रेन काढू नये. लिफ्टसाठी थांबलेल्या वेळेची हजेरी मुख्य कंत्राटदारानं द्यावी, ही तिसरी ओळ मसुद्यात होती. अंतिम प्रतीत ती नाही.